हॉट डॉग: आत काय, वरून काय आणि कॅलरी किती? गाडीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळ्यात देवपूर भागात आमची संध्याकाळची हॉट डॉगची गाडी आहे. नवरा-बायको दोघं मिळून चालवतो. तव्यावर बन भाजता भाजता रोज तेच प्रश्न येतात, आणि गर्दीत धड उत्तर देता येत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. कॅलरीचे आकडे आम्ही स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर माल तोलून आणि पाकिटावरचे तक्ते बघून काढले आहेत. पाच-दहा टक्के इकडेतिकडे होणारच, बटर काही रोज मोजून लागत नाही.

हाई कुत्रानं मटन शे का भो?

नाही. गाडी सुरू केली त्या पहिल्या संध्याकाळी एका आप्पांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि आजही आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. हसू नका, अमेरिकेतही हाच संशय होता. जर्मनीतून गेलेल्या लोकांनी तिथे सॉसेज, म्हणजे मसालेदार बारीक मांस भरलेली नळी, विकायला सुरुवात केली, तेव्हा ‘या नळीत कसलं मांस भरतात देव जाणे’ अशी थट्टा चालायची. १८९० च्या दशकात येल विद्यापीठातले विद्यार्थी वसतिगृहाबाहेरच्या सॉसेजच्या गाड्यांना ‘डॉग वॅगन’ म्हणायचे. थट्टेतलं नाव पदार्थाला चिकटलं ते कायमचं. आपल्याकडे नाही का, एकदा गावानं टोपणनाव ठेवलं की खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरतं.

मग खरा हॉट डॉग म्हणजे काय?

लांबट मऊ बन, मधोमध चिरलेला, आणि त्यात गरम सॉसेज. एवढंच. या सॉसेजला फ्रँकफर्टर किंवा वीनर म्हणतात. पहिलं नाव जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरावरून, दुसरं व्हिएन्नावरून, कारण व्हिएन्नाला तिकडच्या भाषेत वीन म्हणतात. दोन्ही शहरं आजही सॉसेजवर आपलाच हक्क सांगतात. भरिताचं वांगं बामणोदचं चांगलं की आसोद्याचं, यावर जळगावकडे वाद होतो, त्यातलाच हा प्रकार. बनात घालून विकण्याचा धंदा मात्र अमेरिकेत वाढला, न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर. तिथे १९१६ साली नेथन हँडवर्कर यांनी पाच सेंटला हॉट डॉग विकायला घेतला. ज्या फेल्टमन यांच्याकडे ते आधी नोकरीला होते, तिथे दर दहा सेंट होता. भाव अर्धा केला की गिऱ्हाईक येतं, हे गणित सगळीकडे सारखंच.

सॉसेजमध्ये नक्की काय काय घालतात?

अमेरिकेतल्या साध्या सॉसेजात गाईबैलाचं, डुकराचं, कोंबडीचं किंवा टर्कीचं मांस असतं, कधी दोन-तीन प्रकार मिसळूनही. मोठे तुकडे विकून झाल्यावर उरलेलं मांस आणि चरबी यांत जाते. ते आधी खडबडीत दळतात आणि मग मीठ, मसाला आणि बर्फ घालून इतकं बारीक घोटतात की धिरड्याच्या पिठासारखं गुळगुळीत होतं. बर्फ चवीसाठी नसतो. यंत्राच्या पात्यांनी मांस तापलं तर चरबी वितळून वेगळी होते आणि सॉसेज भाजताना तेल सोडतं. मसाल्यात लसूण, धने, पांढरी मिरी, जायफळ, पापरिका म्हणजे कमी तिखट लाल मिरचीची पूड. म्हणजे आपल्या डब्यात नाही असं त्यात फारसं काही नाही. थोडी साखर किंवा मक्याचं सिरपही असतं.

हा लगदा लांब नळीत भरतात, ठरावीक अंतरावर पीळ देतात, धूर देतात, शिजवतात आणि गार पाण्याच्या फवाऱ्यानं थंड करतात. बहुतेक कारखान्यांत नळी सेल्युलोजची, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंपासून केलेली, असते आणि शिजल्यावर सोलून काढतात, म्हणून पाकिटातल्या सॉसेजला साल नसते. मेंढीच्या आतड्याची नळी वापरली तर ती खायचीच असते, आणि दात लावल्यावर ‘कट्’ असा आवाज येतो. शौकीन लोक त्या आवाजासाठी जादा पैसे देतात.

अमेरिकेच्या नियमाप्रमाणे यात चरबी ३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि चरबी व वरून घातलेलं पाणी मिळून ४० टक्क्यांच्या वर जाता येत नाही. सोया किंवा दूध पावडरीसारखा भरणा साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत चालतो. कोंबडीच्या स्वस्त सॉसेजात हाडाला चिकटलेलं मांस यंत्रानं दाबून काढलेलंही असतं. तसं असेल तर पाकिटावर छापावं लागतं. म्हणून पाकीट उलटं करून वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिलंच नाव मांसाचं नसेल तर पाकीट जागेवर ठेवून द्या.

तो गुलाबी रंग कशाचा? खायचा रंग टाकतात का?

बहुतेक वेळा तो रंग सोडियम नायट्राइटचा परिणाम असतो. पाकिटावर २५० हा आकडा दिसतो तो हाच. मांसातल्या लाल द्रव्याशी त्याचा संयोग होतो आणि शिजल्यावरही मांस करडं न पडता गुलाबी राहतं. पण तो घालण्याचं मोठं कारण वेगळंच आहे. हवाबंद मांसात बोट्युलिझमचा जीवघेणा विषार तयार करणारे जंतू वाढू शकतात, त्यांना नायट्राइट रोखतो.

आता दुसरी बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस ‘माणसाला कर्करोग होण्यास कारणीभूत’ या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक सॉसेज, खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. शंभरातल्या अठरा जणांना होतो असा याचा अर्थ नाही. मुळात जेवढा धोका आहे त्याच्या १८ टक्के भर पडते. पण यातला ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा. सॉसेज विकणारा मीच सांगतो: महिन्यातून एक-दोनदा खा, रोज येऊ नका. रोज येणाऱ्या पोरांना मी व्हेजकडे वळवतो. बायको म्हणते, असा धंदा होत नसतो.

तुमच्या गाडीवर कोणतं मांस असतं?

फक्त चिकन. डुकराचं ठेवत नाही. गाईबैलाचा तर प्रश्नच नाही, राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा आहे आणि २०१५ पासून तो बैलांनाही लागू झाला. सॉसेज पाकीटबंद घेतो, पाकीट बघायचं असेल तर मागा, दाखवतो. त्यावर चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो, ती मांसाहाराची खूण. हिरवा गोल शाकाहाराचा.

आणि व्हेजमध्ये?

उकडलेला बटाटा, मटार, थोडं गाजर, आलं-मिरची आणि बांधणीला ब्रेडचा चुरा. बोटभर जाडीचे रोल करून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळतो. सोयाचं तयार व्हेज सॉसेज मिळतं, पण चावायला रबरासारखं लागतं, म्हणून बंद केलं.

जैन हॉट डॉग मिळतो का?

मिळतो. बटाट्याऐवजी कच्ची केळी. खान्देशात राहून जैन रोलसाठी दुसरीकडे कुठे बघायचं? रावेर-यावलकडची हिरवी केळी सालासकट उकडतो, गार झाल्यावर सोलून किसतो. गरम असतानाच किसली तर चिकट होते आणि रोल तुटतात, हे चार-पाच किलो केळी वाया घालवून शिकलो. कांदा-लसूण नाही, चटणीही वेगळी. केळीचा रोल बटाट्यापेक्षा तेल कमी पितो असा आमचा अनुभव आहे, आणि जैन नसलेली मंडळीही आता तोच मागतात.

इंदूरला खाल्लेला हॉट डॉग गोल होता. मग तुमचा लांब का?

धुळ्याचा माणूस आग्रा रोडनं इंदूरला जातो, छप्पन दुकानात खाऊन येतो आणि इथे येऊन मला विचारतो. इंदूरचा हॉट डॉग गोल बनात पॅटिस घालून तव्यावर दाबून भाजलेला असतो. चव झकास, वाद नाही. पण अमेरिकन माणूस त्याला बर्गरचा भाऊ म्हणेल. नाव तेच, घराणं वेगळं. आमचा लांब आहे तो बेकरीवाल्याच्या कृपेनं. सुरुवातीला त्यानं बन दोन बोटं आखूड दिले होते आणि रोल दोन्हीकडून बाहेर डोकवायचे. पूर्ण एक आठवडा आम्ही ते ‘जम्बो’ म्हणून विकले.

एका हॉट डॉगमध्ये कॅलरी किती?

कुठल्या हॉट डॉगमध्ये ते आधी सांगा, कारण खरी गंमत तिथेच आहे.

अमेरिकेतला साधा घ्या. ४५ ग्रॅमचं बीफ सॉसेज सुमारे १५० कॅलरी, त्यात चरबीच १३ ग्रॅम आणि प्रथिनं फक्त ५ ग्रॅम. लहान बन १२० कॅलरी. वर पिवळी मोहरी आणि चिरलेला कांदा, दोन्ही मिळून दहा. एकूण २८०. हा आकडा ऐकून लोक म्हणतात, एवढाच? हो, एवढाच. तो मुळात छोटा पदार्थ आहे.

आता आमचा चिकन. बन आपल्याकडे मोठा, ६० ग्रॅमचा, तिथेच १६५ गेल्या. ५० ग्रॅमचं चिकन सॉसेज ११५ च्या आसपास. बन भाजायला एक लहान चमचा बटर ३६. कांदा आणि मोहरीच्या दहा. झाल्या सव्वातीनशे.

आणि आता सगळ्यात जास्त खपणारा, ‘व्हेज चीज मेयो स्पेशल’. बन १६५. तळलेला बटाट्याचा रोल १८०. बनाच्या दोन्ही बाजूंना बटर ७२. मेयोनीज २० ग्रॅम, ११०. चीज स्लाइस ६०. केचप १७. वरून मूठभर शेव, म्हणजे १० ग्रॅम, ५५. बेरीज करा: ६५९.

म्हणजे व्हेज जास्त जड? कसं काय?

कसं काय म्हणजे, वरची बेरीज परत वाचा. शाकाहारी म्हणजे हलकं, ही आपल्या मनाची समजूत आहे. मांस काढलं तरी बटर, मेयोनीज, चीज, तळण आणि शेव ही पाच मंडळी जागेवरच बसलेली असतात, आणि निम्म्याहून जास्त कॅलरी त्यांच्यासोबत येतात. कॉलेजच्या पोरी ‘डाएटवर आहे’ म्हणून चिकनऐवजी व्हेज चीज मेयो घेतात, तेव्हा मी गप्प राहतो. फारच आग्रह झाला तर बोलतो.

मग कमी कसं करायचं?

मेयोनीज नको म्हणा, ११० गेल्या. चीज नको म्हणा, आणखी ६०. बन कोरडा भाजा म्हणा, ७२ वाचल्या. एवढ्यात ६५९ वरून ४१७ वर आलात आणि चवीला फक्त कोरडेपणा आला, तो ठेच्यानं आणि कच्च्या कांद्यानं भरून निघतो. रोल तळण्याऐवजी तव्यावर शेकून मागितला तर अजून कमी, पण गर्दीच्या वेळी मागू नका, दहा मिनिटं लागतात. शेव सोडायला सांगणार नाही. मी खान्देशी आहे.

अमेरिकेत वरून काय काय घालतात?

दर शहराचं वेगळं. न्यूयॉर्कच्या गाड्यांवर मोहरी, आंबवलेला कोबी किंवा टोमॅटोत परतलेला गोडसर कांदा. डेट्रॉइटमध्ये ‘कोनी’ नावाचा प्रकार: वरून मटणाच्या खिम्यासारखा पण बीफचा पातळसर मसालेदार रस्सा, मोहरी आणि कच्चा कांदा. सगळ्यात नखरेल शिकागोचा. खसखस लावलेला बन, पिवळी मोहरी, काकडीच्या लोणच्याचा झगझगीत हिरवा गोड चुरा, चिरलेला कांदा, टोमॅटोच्या फोडी, काकडीच्या लोणच्याची लांब चीर, छोट्या तिखट मिरच्या आणि शेवटी सेलरीचं मीठ. एवढं सगळं घालून केचप मात्र नाही! शिकागोत मोठ्या माणसानं हॉट डॉगवर केचप घेतला तर लोक अशा नजरेनं बघतात, जशी आमची आई पुरणपोळीबरोबर सॉस मागणाऱ्या नातवाकडे बघते.

कॅलरीच्या हिशेबात ही टॉपिंग बरीच गरीब आहेत. मोहरी एक चमचा पाचच्या आत, आंबवलेला कोबी दोन मोठे चमचे पाच-सहा, केचप एक मोठा चमचा सतरा-अठरा, काकडीचा गोड चुरा वीस. मेयोनीज एक मोठा चमचा नव्वद-शंभर. यादीत बाहेरचा कोण ते लगेच कळतं.

खान्देशी टॉपिंग काय आहेत तुमच्याकडे?

हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाणे घालून. लसणाची सुकी चटणी. शेवभाजीत घालतो ती जाड तिखट शेव. बारीक नायलॉन शेव नाही, ती मेयोनीजमध्ये लगेच मऊ पडते.

हिवाळ्यात, भरिताची वांगी आली की, भरीत डॉग. हिरवी मोठी वांगी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजून, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून केलेलं भरीत, खाली बटाट्याचा रोल. पऱ्हाटीचा धूर आणि सॉसेजचा धूर यांचं छान जमतं, म्हणून चिकनवर तर ते आणखी खुलतं. गॅसवर भाजलेल्या वांग्यानं हे होत नाही, करून पाहिलंय. भरीत कळण्याच्या भाकरीबरोबरच खावं असं म्हणणारे काका येतात, दोन शब्द सुनावतात आणि एक पार्सल नेतात.

आणि डेट्रॉइटच्या धर्तीवर शेवभाजी डॉग. काळ्या मसाल्याचा रस्सा आटवून आटवून खिम्याइतका घट्ट करतो आणि दोन चमचे सॉसेजवर ओततो. पहिल्या दिवशी नेहमीचा पातळ रस्सा ओतला होता. गिऱ्हाइकानं उचलला तेव्हा हातात बनाचे दोन कान उरले आणि बाकी सगळं चपलेवर. तर्रीचा मोह आवरा, एक लहान चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी.

बीपी आणि शुगरवाल्यांनी खावा का?

बीपीवाल्यांची अडचण कॅलरी नसून मीठ आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते, म्हणजे २००० मिलिग्रॅम सोडियम. एका सॉसेजमध्येच ४५० ते ५०० मिलिग्रॅम, बनात दोनशेच्या वर, केचपच्या मोठ्या चमच्यात दीडशे. चीज आणि शेव वेगळी. अर्ध्या दिवसाचा कोटा उभ्या उभ्या संपतो. शुगरवाल्यांसाठी मैद्याचा बन आणि बटाटा ही जोडी वाईट. चिकन घ्या, अर्धा बन ठेवून द्या, केचप टाळा. औषधं चालू असतील तर तुमच्या डॉक्टरांचं ऐका, हॉट डॉगवाल्याचं नको.

दोन-तीन वर्षांच्या बाळाला द्यावा का?

गोल चकत्या करून अजिबात देऊ नका. यात चेष्टा नाही. सॉसेजची चकती लहान मुलाच्या श्वासनळीच्या तोंडावर बुचासारखी बसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१० साली याबद्दल खास इशारा दिला होता. चार वर्षांखालच्या मुलाला द्यायचाच असेल तर आधी उभा चार भागांत चिरा, मग बारीक तुकडे करा, आणि बसवून खाऊ घाला. गाडीवर सांगितलंत तर आम्हीच चिरून देतो. पळत पळत खाणाऱ्या पोराला आम्ही सरळ थांबवतो, आई-बाप रागावले तरी.

गरोदर बाईनं खाल्लं तर?

सॉसेज वाफ येईपर्यंत गरम केलेलं हवं, आतून ७४ अंश. पाकिटातलं गार सॉसेज तसंच खाऊ नये, लिस्टेरिया नावाच्या जंतूचा धोका असतो आणि तो गर्भाला घातक ठरू शकतो.

तवा एकच आहे का?

आता दोन आहेत. सुरुवातीला एकच होता, मधोमध रेघ मारल्यासारखं इकडे व्हेज तिकडे चिकन. एका ताईंनी ते पाहिलं, हातातली प्लेट ठेवली, पैसे दिले आणि काही न बोलता निघून गेल्या. बोलल्या असत्या तर परवडलं असतं. दुसऱ्याच दिवशी दुसरा तवा, दुसरा चिमटा आणि दुसरी सुरी आणली. व्हेजचं सगळं डावीकडे.

उन्हाळ्यात पार्सल नेलं तर किती वेळ टिकेल?

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर शिजवलेलं मांस किंवा मेयोनीज घातलेला पदार्थ तासाभराच्या वर बाहेर ठेवू नये, असा नियम आहे. शिरपूर-दोंडाईच्याला नेत असाल तर मेयोनीज घालून देणार नाही, भांडू नका. कोरडा बन आणि रोल वेगळे बांधून देतो. एप्रिल-मेमध्ये गाडीवरचं मेयोनीज बर्फाच्या डब्यात असतं, आणि संध्याकाळी लाइट जाऊन बर्फ वितळला तर त्या दिवशी मेयोनीज बंद.

घरी कसा करायचा?

सॉसेज उकळत्या पाण्यात टाकू नका, फुटतं. पाणी उकळलं की गॅस बंद करा, सॉसेज सोडा, झाकण ठेवा, सात-आठ मिनिटं. मग तव्यावर थेंबभर तेलात फिरवत फिरवत डाग पडेपर्यंत शेका. हे पाकिटातल्या शिजवलेल्या सॉसेजचं झालं. कच्चं असेल तर पूर्ण शिजवावंच लागतं. बन पूर्ण चिरू नका, एका बाजूला जोड राहू द्या आणि आतली बाजू भाजा, म्हणजे रस मुरत नाही. मोहरी, ठेचा जे काही घालाल ते सॉसेजवर घाला, बनावर नको. मुळात मोहरीच नसेल तर कैरीच्या लोणच्याचा खार अर्धा चमचा. अमेरिकनांना सांगू नका.

एका माणसाला किती पुरतात?

आपल्याला एक. जोई चेस्टनट यांनी ४ जुलै २०२१ ला कोनी आयलंडच्या स्पर्धेत दहा मिनिटांत ७६ खाल्ले. वीस-बावीस हजार कॅलरी झाल्या. आमच्याकडे अशी स्पर्धा होणार नाही, विचारू नका.

उरलेला कुत्र्याला घातला तर चालतो का?

नावावरून सुचणारच. घालू नका. सॉसेजमधलं मीठ त्याला झेपत नाही, आणि कांदा-लसूण तर कुत्र्याला विषारी असतो, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गाडीच्या मागे बसतो त्या लाल्याला आम्ही रात्री दुकान आवरल्यावर एक कोरडा बन देतो. तो आधी वास घेतो, चिकनच्या तव्याकडे बघतो, आणि मग खातो.